शेतातलं भरीत, पुण्यातली बोली: आपल्याला 'खरं' कधी वाटतं?

राम राम मंडळी! थंडी पडली की खान्देशात भरीत पार्ट्या सुरू होतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता हायवेवर जागोजागी 'अस्सल खान्देशी' अशा पाट्या दिसतात. तिथेही वांगं तेच, कळण्याची पुरीही तीच. मग शेतात खाल्लेलंच भरीत खरं का वाटतं?

समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये लिहिलं, की प्रवाशाला पडद्यामागचं खरं जगणं बघायचं असतं, म्हणून पर्यटनस्थळं तो 'पडद्यामागचा' भागही मांडून ठेवतात. हॉटेलच्या दारातली सजवलेली बैलगाडी म्हणजे तेच. पण १९९९ मध्ये पर्यटनाचे अभ्यासक निंग वांग यांनी वेगळी बाजू मांडली: खरेपणा वस्तूतच असतो असं नाही, आपण जे करतो त्यातूनही तो जाणवतो. मला हे शंभर टक्के पटतं. शेतात कुणी कपाशीच्या काड्या पेटवतो, कुणी बोटं भाजत वांगी सोलतो, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसूण ठेचायला तर पाळ्या लागतात. तिथं गिऱ्हाईक कुणीच नसतं.

आता माणसाचं बघा. पुण्याच्या ऑफिसात प्रमाण मराठी बोलणारा पोरगा घरून फोन आला की लगेच खान्देशातल्या अहिराणी बोलीत, "काय करी ऱ्हायना भाऊ?" यातला खरा कोणता? माझ्या मते दोन्ही. मानसशास्त्रज्ञ फ्लीसन आणि विल्ट यांचं २०१० मधलं संशोधन फार बोलकं आहे. अबोल स्वभावाची माणसंही मोकळेपणानं, चारचौघांत मिसळून वागली, तेव्हा त्यांना आपण जास्त खरे आहोत असं वाटलं. म्हणजे मूळ स्वभावाला चिकटून राहिलं तरच खरेपणा जाणवतो, असं नाही.

मग खोटं कधी वाटतं? ॲलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये खरेपणा मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, आपल्या मूल्यांप्रमाणे जगणं, आणि दुसऱ्यांच्या अपेक्षांपुढे मान तुकवणं. यातली मधली गोष्ट खरेपणाची, बाकीच्या दोन वाढल्या की खोटं वाटतं.

समोरच्याला कळावं म्हणून बोली बदलली, तर त्यात काहीच तुटत नाही. पण हसतील या भीतीनं रूममेटसमोर आईचा अहिराणीतला फोन कट केला, तर ते आतून खुपतं. आणि त्या पोरापेक्षा हसणाऱ्यांनी आधी सुधारायला हवं, हे मी ठासून सांगेन.