आमरी आणि बांडगूळ

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘घरातल्या छोट्या आमरी : लागवड आणि निगा’ असा छापलाय. आमरी म्हणजे ऑर्किड. येतो, तिकडे येतो. पण आधी एक जुनं दुखणं आहे, ते सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

आमच्या सोसायटीत आंब्याचं झाड आहे. एका पावसाळ्यात रस्त्यावर मोडून पडलेल्या फांदीवर मला सीतेची वेणी ही आमरी मिळाली. मी ती सुती दोरीने आंब्याला बांधली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पहिला तुरा लोंबला, चांगला वीतभर, गुलाबी ठिपक्यांचा. चौथ्या दिवशी बघतो तर शिडी लावलेली आणि वेणी कचऱ्याच्या डब्यात! का, तर अध्यक्ष म्हणाले, “बांडगूळ आहे, झाड शोषतंय.” सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला. इतिवृत्तात नोंद काय झाली? ‘बांडगूळ काढणे : मजुरी ३०० रुपये. मंजूर.’ (हशा) हसा, त्यात माझ्याही वर्गणीचे पैसे आहेत.

अहो, बांडगूळ फांदीत मुळं खुपसून रस ओढतं. आमरी नुसती सालीला धरून बसते. पाणी पावसाचं, खत वाऱ्याने आणलेल्या धुळीचं नि कुजल्या पानांचं. आता हा घोटाळा आजचा नाही बरं का. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘वन्दा’ म्हणजे बांडगूळ; त्याच ओळीत वृक्षादनी आणि वृक्षरुहा शेजारी शेजारी बसल्यात. एक झाड खाणारी, दुसरी झाडावर वाढणारी! पुढे विल्यम जोन्स या इंग्रज संस्कृत पंडिताने ‘वन्दा’ हाच शब्द उचलला आणि ‘वांडा’ हे एका आमरीच्या प्रजातीचं नाव झालं. म्हणजे अमरसिंह आमच्या अध्यक्षांच्या बाजूने. आसामात मात्र सीतेच्या वेणीचंच फूल, तिथलं ‘कपौ’, बिहूच्या सणाला मुली केसांत माळतात. तिथे कुणी शिडी लावत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

आमरीचं मूळ बघा. त्यावरचा पांढुरका थर टीपकागदासारखा पाणी पितो. भिजलं की हिरवं, सुकलं की रुपेरी. रुपेरी झाल्यावरच पाणी, तेही सकाळी. वार ठरवून घालू नका. माती अजिबात नको. लोणारी कोळशाचे आणि कौलाचे तुकडे, धुऊन घेतलेली नारळाची सोडणं, भोकाभोकांची कुंडी, तीही लहानच. दुकानातून फुललेली छोटी फॅलेनॉप्सिस ही आमरी आणता ना, तिच्या मुळांभोवती ओलं शेवाळ गच्च कोंबलेलं असतं. फुलं गळली की ते काढा. आपल्या पावसाळ्यात ते सुकतच नाही आणि मुळं कुजतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिपून घ्या. पूर्वेची गॅलरी उत्तम. पानं काळपट हिरवी दिसली तर उजेड कमी पडतोय. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव. हिवाळ्यात पानं गाळणाऱ्या डेंड्रोबियम आमरीचं पाणी जवळजवळ बंद करा, ती मेलेली नाही. आणि घाटातून उपटून आणू नका. आमरीच्या बारीक बीला बुरशीची मदत लागते, त्याशिवाय रानात ते रुजत नाही. गेलेलं रोप सहजी भरून येत नाही.

काय म्हणालात? डब्यातली वेणी? आणली की उचलून. मुळं निम्मी तुटली होती. दोन उन्हाळे गप्प बसली, तिसऱ्याला माझ्या गॅलरीत फुलली. अध्यक्षांनी खालून विचारलं, “कुठून आणलीत हो?”