आधी विचारा, मग गप्प बसून ऐका

नमस्कार मंडळी. आज कॅन्सरबद्दल बोलायचंय, औषधांचं नाही, ते डॉक्टर सांगतीलच. पेशंटच्या मनाबद्दल बोलायचंय. लहान पोर रडलं तर आपण लगेच उचलून घेतो, पन्नाशीचा गडी रडला तर "अवो असं काय करताय, खंबीर व्हा" म्हणून मोकळे होतो.

कोल्हापुरात गंगावेशीकडचे एक वस्ताद आहेत ओळखीचे, नाव सांगत नाही, पण हे सांगू का म्हणून विचारलंय त्यांना. उभा जन्म तालमीत गेला आणि तोंडाचा कॅन्सर निघाला. घरच्यांनी ठरवलं, आप्पांना कळू द्यायचं नाही. दाताखाली गाठ आहे, काढतील, मग शेक द्यायचाय, बस्स. पैपाहुण्यांना पण तेच. आणि आप्पांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत! हॉस्पिटलच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात कॅन्सर लिहिलंय, माणूस वाचणार नाही होय? पण पोराला वाईट वाटेल म्हणून ते पण गप्प. पोरगा गोठ्यात जाऊन रडायचा, काकी मोरीत नळ सोडून रडायच्या, आप्पा रात्रभर जागेच. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे एकमेकांपासून लपवतायत.

शेक, म्हणजे रेडिएशन, संपत आला तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, आप्पा, या आठवड्यात मनाला त्रास किती झाला, शून्य ते दहात सांगा. आप्पा म्हणाले, नऊ. शेजारी काकी बसलेल्या, त्या म्हणाल्या मला तर दोन-तीन वाटलेलं. बाई म्हणाल्या, कशाचा त्रास? तर मरणाचं नाव नाही हो! आप्पा म्हणाले, लाळ गळते, चारचौघात घास तोंडातनं पडतो, म्हणून मी कट्ट्यावर दूध प्यायला जायचं सोडलं. आणि म्हैस विकली ते मला कुणी सांगितलं नाही, सकाळी धारेचा आवाज येईना तेव्हाच कळलं मला.

त्या दिवशी घरी सगळी एकत्र बसून रडली. त्यानं कॅन्सर गेला नाही, म्हैस पण परत आली नाही. पण पोरगा खर्चाचा हिशोब आप्पांपुढं मांडायला लागला, आणि तालमीतले दोघं-तिघं संध्याकाळी दूध घेऊन घरीच यायला लागले, आप्पा मांडीवर टॉवेल टाकून त्यांच्यासोबत प्यायचे. झोप येईना म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळी दिली, ती पण घेतली.

तर हा शून्य ते दहाचा प्रश्न जगभरच्या कॅन्सर हॉस्पिटलात विचारतात. ४ किंवा वर आकडा आला की नीट चौकशी करायची. घरी पण विचारा. विचारा, आणि आकडा कितीही येऊ दे, लगेच उपदेश करू नका. ऐका. मला तर वाटतं शाळेत वक्तृत्व स्पर्धा घेतात तशी ऐकायची पण घ्यावी, आपल्याकडं बोलणारे लई झालेत.

अजून एक, "पॉझिटिव्ह राहा म्हणजे बरं होशील" हे बंद करा. उदास वाटलं म्हणून कॅन्सर वाढत नाही, आणि मन कमकुवत होतं म्हणून झालाही नाही. आधीच दुखणं, त्यात हा दोष कशाला त्या माणसाच्या माथी मारायचा?

झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कशात मन लागेना, आणि हे दोन आठवडे चाललं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांनाच सांगा, आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर मात्र दोन आठवडे थांबू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि टेली मानस, सरकारी फोन आहे, २०२२ पासून चालू, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, १४४१६. पेशंटनंच करायला पाहिजे असं नाही. मोरीत नळ सोडून रडणाऱ्या काकींनी पण करावा. परत सांगतो, एक चार चार एक सहा.