पाय सुजलाय, शीर दाबून बघितली का?

नमस्कार श्रोतेहो. गुडघा किंवा खुबा बदलला की पाय सुजतोच. थोडा गरम लागतो, पोटरी दुखते, कातडी निळी-काळी पडते. पंचाईत अशी, की खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हेच दिसतं. डी-डायमर ही गुठळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी शस्त्रक्रियेनंतर तशीही वाढलेलीच येते, त्यामुळे तिच्या आकड्यावरून घाबरू नये. निवाडा होतो सोनोग्राफीत.

खाटेची डोक्याकडची बाजू जरा उंच करतात, म्हणजे पायाच्या शिरा भरतात. जांघेत प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, आडवा धरला की पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळी वर्तुळं दिसतात, धमनी आणि शीर. प्रोबने दाबलं की निरोगी शीर पूर्ण मिटते, धमनी गोलच राहते. शीर मिटली नाही, तर आत गुठळी आहे. असं दर एक-दोन सेंटिमीटरवर दाबत मांडीवरून गुडघ्यामागे आणि तिथून पोटरीत यायचं. ताजी गुठळी रक्तासारखीच काळी दिसू शकते. त्यामुळे न दाबता, नुसत्या रंगीत डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) ‘शीर मोकळी’ असं लिहिणं धोक्याचं.

मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते. तिथं दुसऱ्या हाताने मांडी मागून प्रोबकडे ढकलावी लागते, नाहीतर ती मिटत नाही आणि नसलेली गुठळी रिपोर्टात येते. सुजलेल्या पोटरीतल्या बारीक शिरा नीट दिसत नाहीत. ओटीपोटातल्या शिरा आतड्यातल्या वायूने झाकल्या जातात. अख्खी मांडी फुगली असेल तर सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे स्कॅनवर शिरांची तपासणी, लागू शकते. खुबा बदलला असेल तर पाय कसा वळवायचा नाही, ते तपासणाऱ्याला आधीच सांगा.

रिपोर्टात पोटरीच्या शिरा बघितल्याची नोंद आहे का, ते वाचा. नसेल आणि सूज वाढतच असेल, तर आठवड्याभरात पुन्हा तपासणी हवी. पोटरीतली गुठळी तेवढ्यात वर चढू शकते.

मात्र काही त्रास नसताना घरी सोडताना सरसकट सगळ्यांची सोनोग्राफी करू नये, हे आमचं ठाम मत. बारीक, निरुपद्रवी गुठळ्या सापडतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस वाढतो आणि ताज्या जखमेत रक्तस्राव होतो. त्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेलं प्रतिबंधक औषध पूर्ण घ्या. ते निदान 10 ते 14 दिवस चालतं, कधी 35 दिवसही.

गोव्यात पेडणे असो वा काणकोण, इस्पितळातून घरी पोचलात की शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्याखाली 10 सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून कागदावर लिहा आणि रोज त्याच जागी मोजा. ऑपरेशनच्या पायाचा घेर वाढत गेला किंवा दुसरा पाय सुजायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा चक्कर आली, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते; पायाच्या सोनोग्राफीची वाट बघू नका. 108 ला फोन करा. इस्पितळात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी करतील. त्यात शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दाखवणारं औषध) देतात, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असेल तर सांगा आणि आधीचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट बरोबर न्या.