सिगेतच्या परसातलं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका घड्याळाची गोष्ट सांगणार आहे. पण ते घड्याळ ज्या गावच्या मातीत पुरलं गेलं, ते गाव आधी सांगायला हवं. गावाचं नाव सिगेत. रुमानियाच्या अगदी उत्तर टोकाला, मारामुरेश नावाच्या डोंगराळ मुलखात हे गाव आहे. वस्ती सुमारे 33 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. हंगेरियन भाषेत सिगेत म्हणजे बेट. समुद्र तिथून फार लांब. पण तिसा आणि इझा या नद्यांच्या बेचक्यात गाव वसलं, म्हणून ते बेट. तिसा नदी ओलांडली की युक्रेन.

या बेटाला नावंही पुष्कळ. रुमानियाच्या सरकारी कागदावर ते सिगेतु मार्मात्सिएई. हंगेरियन माणूस म्हणणार मारामारोशसिगेत. युक्रेनियन सिहोत म्हणणार. आणि यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे ज्यू नुसतंच सिगेत म्हणायचे, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. माझं याबाबतीत ठाम मत आहे. नकाशावर एकच नाव छापणं ही त्या गावावर केलेली जबरदस्ती आहे. जितक्या भाषांत लोकांनी गावाला हाक मारली, तितकी सगळी नावं छापावीत. जागा कमी पडली तर कागद मोठा घ्यावा.

इतकी माणसं इथं जमली कशी? मिठामुळे आणि लाकडामुळे. मारामुरेशच्या खाणींतलं मीठ तराफ्यांवर लादून तिसा नदीनं खाली जायचं. खाणी आणि जंगलं आली म्हणून हंगेरियन अंमलदार आले, जर्मन बोलणारे कारागीर आले. आसपासच्या खेड्यांत रुमानियन आणि युक्रेनियन शेतकरी होतेच. ज्यू दुकानदार होते, गाडीवान होते, शिंपी होते, रब्बी म्हणजे धर्मगुरू होते. थोडी आर्मेनियन घराणीसुद्धा होती. हंगेरियन चित्रकलेत ज्यांचं नाव आदरानं घेतात, ते शिमोन होलोशी 1857 साली इथं जन्मले, ते आर्मेनियन वंशाचे. हसीदी, म्हणजे भक्तिमार्गी कर्मठ ज्यूंच्या सातमार पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम 1887 साली इथलेच. रुमानियन लोकांनी 1860 साली इथंच आपली सांस्कृतिक संस्था काढली. आजही गावात हंगेरियन माध्यमाची शाळा आहे, आणि तारास शेवचेंको या युक्रेनियन कवीच्या नावाचं विद्यालय आहे.

राज्यं मात्र बदलत गेली. 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी. मग रुमानिया. 1940 च्या ऑगस्टमध्ये जर्मनी आणि इटलीनं व्हिएन्नात दिलेल्या निवाड्यानं पुन्हा हंगेरी. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, आणि त्यानंतर परत रुमानिया. माणसं होती तिथंच होती, हद्द त्यांच्या अंगावरून जात होती. पहिल्या महायुद्धानंतर तिसा नदी सरहद्द झाली आणि आगगाडीचा जुना मार्ग नदीपलीकडे गेला. सिगेतच्या माणसाला आपल्याच देशात रेल्वेनं जायचं तर परक्या मुलखातून जावं लागे. देशातल्या देशात जाणारी लाईन पुरी व्हायला 1949 साल उजाडलं. यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण घड्याळ वाट पाहतंय.

तर घड्याळ. 1928 च्या सप्टेंबरात सिगेतमधल्या एका ज्यू दुकानदाराच्या घरी एक मुलगा जन्मला. एली विझेल. पुढे 1986 साली ज्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तेच हे. घरात यिडिश, दुकानात हंगेरियन, रुमानियन, जर्मन, आणि प्रार्थनेत हिब्रू. तीन बहिणींमध्ये हा एकटा भाऊ. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा बार मित्सवा नावाचा संस्कार होतो. यापुढे तुझ्या वागण्याचा जबाबदार तूच, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी मुलाला घड्याळ भेट द्यायची रीत. एलीलाही मिळालं. सोन्याचं.

किल्लीचं घड्याळ तुम्हाला समजावून सांगायला नको. आमच्याकडे रेडिओवर सकाळच्या सातच्या बातम्या लागल्या, की वडील मनगटावरचं घड्याळ काढायचे, कानाशी धरायचे आणि बेतानं किल्ली द्यायचे. शेवटचा अर्धा फेरा सोडून. जास्त पिळली की स्प्रिंग जाते, असं दर वेळी सांगायचे. सेलची घड्याळं आली आणि घरातली ही एक सकाळची सवय गेली. मला ते नुकसान वाटतं. ज्या वस्तूला रोज हात लावावा लागतो, तिच्यावर माणसाचा जीव जडतो. मी अजून किल्लीचंच वापरतो.

तेरा वर्षांच्या मुलाचा जीव त्या घड्याळावर किती जडला असेल, हे म्हणून मला कळतं.

1941 साली सिगेतमध्ये दहा हजारांवर ज्यू होते. दहा माणसांत जवळजवळ चार. 1944 च्या मार्चमध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. एप्रिलमध्ये सिगेतच्या ज्यूंना घरांतून काढून घेट्टोत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या बंदिस्त वस्तीत कोंडलं, आणि मे महिन्यात हद्दपारीचा हुकूम आला. हुकूम आला तशी गावातल्या परसांत खणाखणी सुरू झाली. अंधारात कुदळी, फावडी, स्वयंपाकघरातले झारे. आपण परत येऊ या भरवशावर माणसं चांदीची भांडी पुरत होती, दागिने पुरत होती, कागदपत्रं पुरत होती. पंधरा वर्षांच्या एलीनं आपलं घड्याळ एका डबीत ठेवलं आणि परसात खड्डा करून पुरलं. जागा नीट लक्षात ठेवली.

16 ते 22 मे या दिवसांत चार आगगाड्यांनी सिगेत आणि आसपासच्या खेड्यांतले मिळून सुमारे 13 हजार ज्यू ऑश्विट्झच्या जर्मन मृत्युछावणीत नेले. एलीची आई आणि सगळ्यात धाकटी बहीण तिथंच संपल्या. वडील पुढच्या जानेवारीत बुखेनवाल्डच्या छावणीत वारले. एली वाचला, दोन मोठ्या बहिणी वाचल्या.

वीस वर्षं गेली, श्रोतेहो. वीस वर्षं. 1964 साली एली विझेल सिगेतला परत आले. अमेरिकेत राहणारे, लेखक म्हणून नाव झालेले, छत्तिशीकडे झुकलेले गृहस्थ. गाव जागच्या जागी होतं. रस्ते तेच, घरं तीच. त्यांचं घरही उभं होतं, पण आत दुसरी माणसं झोपली होती. रात्री हा माणूस आपल्याच घराच्या परसात चोरासारखा शिरला. अंदाजानं जागा शोधली. गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी माती उकरू लागला. नखांत माती गेली. खोल, आणखी खोल. आणि बोटांना काहीतरी टणक लागलं.

डबी होती. डबीत घड्याळ होतं.

गंजलेलं, किड्यांनी भरलेलं. ओळखू येत नव्हतं, तरी तेच. त्या घरातली, त्या बालपणातली हातात धरता येईल अशी एवढी एकच वस्तू उरली होती. जगातल्या उत्तमातल्या उत्तम घड्याळजीकडे न्यावं, वाटेल ते करून दुरुस्त करून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. डबी घेऊन ते उठले आणि चालू लागले.

आणि थांबले.

परत फिरले. त्याच जागी आले. घड्याळ डबीत ठेवलं, डबी खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली. आणि रिकाम्या हातानं निघून गेले.

मी ही गोष्ट कितीजणांना सांगितली असेल, त्याची गणती नाही. दर वेळी ऐकणारा विचारतो, पुन्हा पुरलं कशासाठी? विझेल यांनी स्वतः सांगितलं ते असं. त्यांना वाटलं, कधीतरी त्या परसात एखादं मूल खेळत असेल. माती उकरता उकरता त्याच्या हाताला डबी लागेल. मग त्याला कळेल की या गावात पूर्वी ज्यू राहत होते, आणि ज्यू मुलंही होती. खिशात नेलं असतं, तर घड्याळ एका माणसाचं राहिलं असतं. मातीत ठेवलं, म्हणून ते सिगेतचं राहिलं.

ते घर 2002 पासून संग्रहालय आहे. गावात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, एकच उरलंय.

सिगेतच्या मातीखाली आणखीही लोक आहेत. गावातल्या जुन्या तुरुंगात 1950 च्या मे महिन्यात कम्युनिस्ट राजवटीनं रुमानियाचे माजी मंत्री, इतिहासकार, बिशप आणून कोंडले. सोव्हिएत हद्द दोन किलोमीटरवर, म्हणून ही जागा निवडली. माजी पंतप्रधान युलियु मानियु 1953 साली तिथंच वारले, आणि त्यांना खूण न ठेवता पुरलं. कवयित्री आना ब्लांदियाना आणि त्यांचे पती रोमुलुस रुसान यांनी 1990 नंतर खटपट करून त्या तुरुंगाचं स्मारक केलं. ज्या गरिबांच्या स्मशानात हे कैदी पुरले, तिथं आता झाडं लावून रुमानियाचा नकाशा उभा केलाय. शाळेच्या इतिहासात लढायांची सनावळी असते. असल्या स्मशानाचा एक धडा असायला हवा, असं मला फार वाटतं.

एक शेवटचं. सिगेत आणि पलीकडचं युक्रेनमधलं सोलोत्विनो यांना जोडणारा तिसा नदीवर एक लाकडी पूल आहे. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि त्या पुलावरून बायामाणसं मुलांना घेऊन चालत अलीकडे येऊ लागली. थंडी कडाक्याची. सिगेतच्या बाजूच्या लोकांनी पुलाच्या कडेनं खेळणी मांडून ठेवली. कापडी अस्वलं, बाहुल्या, ओळीनं. कुणाचं मूल येणार, कुठली भाषा बोलणार, ते मांडणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मुलं आईचा हात धरून यायची, ओळीपाशी थबकायची, आणि एक उचलून पुढे चालू लागायची.

नमस्कार.