अठ्ठ्याऐंशी शॉट्समधला एक

४ ऑक्टोबर २०१९. वरळीचा एनएससीआय डोम. भारतात पहिल्यांदाच एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन संघ समोरासमोर उतरले होते, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. गॅलरीत शाळकरी पोरांचा नुसता कल्ला. हंगामाआधीचा सराव सामना होता, गुणतक्त्यात त्याची नोंद व्हायची नव्हती. तरी तो बरोबरीत सुटला, जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला. एका गुणाने.

त्यानंतर माझ्या संघातल्या मुली सरावाला आल्या त्या हाच विषय घेऊन. शेवटचा शॉट कुणी घ्यायला हवा होता, पास कुणाला द्यायला हवा होता, प्रत्येकीचं मत वेगळं. मी विचारलं, पहिल्या पाच मिनिटांत चुकलेला एखादा शॉट आठवतो का गं कुणाला? एकीलाही आठवेना. मलाही आठवत नव्हता. आणि गुण तर त्या शॉटचेही तेवढेच होते.

मंडळी, मी आयुष्यभर सकाळी वर्गात संख्याशास्त्र शिकवलं आणि संध्याकाळी मैदानावर बास्केटबॉल. ही दोन कामं वेगळी आहेत असं मला कधी वाटलं नाही. आज मला त्या विसरलेल्या शॉट्सबद्दलच बोलायचं आहे.

आधी हिशेब करू, तोंडीच करता येतो. एनबीएचा संघ एका सामन्यात साधारण अठ्ठ्याऐंशी शॉट मारतो, फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, वेगळे. आता समजा, नेमबाजी एका टक्क्याने सुधारली. किती बास्केट वाढल्या? ०.८८. सामन्याला एक पूर्ण बास्केटसुद्धा नाही, आठ सामन्यांत मिळून सात. गुणांत धरलं तर सामन्याला पावणेदोन. त्यातूनही थोडी वजावट करायला हवी, कारण चुकलेला प्रत्येक शॉट फुकट जात नसतो. चारातला साधारण एक आपलाच खेळाडू रिबाउंड करून, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू पकडून, परत आणतो आणि संघाला दुसरी संधी मिळते. ते वजा केलं की हातात उरतो सामन्याला दीड गुण.

दीड गुणाने काय होतं? अनेक हंगामांचे निकाल तपासून हे गणित पक्कं झालेलं आहे की सरासरी गुणफरक एका गुणाने सुधारला, तर ८२ सामन्यांच्या हंगामात अडीचेक विजय वाढतात. म्हणजे दीड गुणाला जवळपास चार विजय. ४१ जिंकून ४१ हरणारा संघ ४५ पर्यंत जातो.

चार म्हणजे थोडे वाटतील, म्हणून २०२२-२३ चा पश्चिम विभागाचा तक्ता सांगतो. फिनिक्स सन्स ४५ विजयांसह चौथे. क्लिपर्स आणि वॉरियर्स ४४. लेकर्स ४३, सातव्या जागेवर, आणि तिथून ते थेट विभागाच्या अंतिम फेरीत पोचले. डॅलस मॅव्हरिक्स ३८ विजय, अकरावे, आणि त्यांचे खेळाडू एप्रिलमध्ये साखळी संपताच घरी. चौथ्या आणि अकराव्या क्रमांकात सात विजयांचं अंतर. दोन टक्क्यांची नेमबाजी!

आता 'नेमबाजी' म्हणताना मी नेमकं काय मोजतो ते सांगायला हवं. नुसते किती मारले आणि किती गेले एवढं बघून भागत नाही, कारण तिनाच्या रेघेबाहेरून, म्हणजे रिंगपासून लांब आखलेल्या रेघेपलीकडून, पडलेली बास्केट दोनाऐवजी तीन गुणांची, दीडपट किमतीची असते. म्हणून दोनाची बास्केट एक धरायची, तिनाची दीड, आणि मारलेल्या एकूण शॉट्सनी भागायचं. याला इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी म्हणतात. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने सामना जिंकण्याचे चार घटक मांडले: नेमबाजी, टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं), रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यात नेमबाजीला त्याने चाळीस टक्के वजन दिलं. बाकी तिघांपैकी कुणालाच एवढं नाही. माझा मैदानावरचा अनुभव याहून वेगळा नाही.

परत किंग्जकडे येऊ. त्यांचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून आपल्याकडे या संघाबद्दल थोडा जिव्हाळा आहे. पण संघाची दशा वाईट होती. २००६ नंतर सलग सोळा हंगाम प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नव्हतं, एनबीएच्या इतिहासात एवढा उपास दुसऱ्या कुठल्याच संघाला घडलेला नाही. २०२१-२२ मध्ये त्यांनी ३० सामने जिंकले, ५२ हरले. पुढच्याच हंगामात ४८ जिंकले.

या दोन हंगामांत काय बदललं? डिफेन्स सुधारला असेल, असं कुणालाही वाटेल. तो सुधारलाच नाही. आधी ते सामन्याला ११६ च्या आसपास गुण देत होते, नंतर ११८ देऊ लागले. शॉट्सची संख्याही तेवढीच, अठ्ठ्याऐंशीच्या घरात. बदलली ती टक्केवारी. शंभरातले ४६ जात होते, ते ४९ च्या पुढे गेले. म्हणजे सामन्याला तीन बास्केट जास्त, आणि एकूण बास्केटपैकी तिनाच्याही दोन-अडीच वाढल्या. स्वतःचे गुण ११० वरून १२१ च्या जवळ गेले. तीन बास्केट, मंडळी. अठ्ठेचाळीस मिनिटांत तीन. शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलायला मान वळवलीत तर नजरेतून सुटतील एवढ्या.

आणि या तीन बास्केट आल्या कुठून, हे मला फार सुंदर वाटतं. मुंबईतल्या सामन्याच्या वेळी पेसर्सकडे असलेला डोमँटस सबोनिस फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जकडे आला. पुढच्या उन्हाळ्यात केविन हर्टर, मलिक मंक आणि नवखा कीगन मरे आले, प्रशिक्षक म्हणून माइक ब्राउन आले. सबोनिस धिप्पाड माणूस. तो रिंगखाली उभा न राहता वर, फ्री थ्रोच्या रेघेच्या टोकाशी येऊन चेंडू धरायचा. हर्टर कोपऱ्यातून धावत सुटायचा, थेट सबोनिसच्या पोटाला घासून जाईल असा, आणि जाताजाता त्याच्या हातातून चेंडू उचलायचा. हर्टरच्या मागे धावणारा बचावपटू सबोनिसच्या अंगावर आदळून थांबायचा. त्या अर्ध्या सेकंदात हर्टरचे पाय रोवलेले, खांदे रिंगकडे वळलेले, आणि समोर कुणी नाही. बचावपटूने आधीच ओळखून आडवाट धरली, तर हर्टर चेंडू न घेता वळून रिंगकडे पळायचा आणि सबोनिस खालून पास सरकवायचा, की लेअप, रिंगजवळची सोपी बास्केट. त्या हंगामात हर्टरचे तिनाचे शॉट चाळीस टक्क्यांच्या वर गेले. मरेने २०६ थ्री, म्हणजे तीन गुणांच्या बास्केट, टाकल्या, पदार्पणाच्या हंगामातला तो तेव्हा एनबीएचा विक्रम ठरला.

माणसाचा हात एका उन्हाळ्यात एवढा बदलत नाही. शॉट बदलला. अवघड जागेवरून, कुणी अंगावर असताना, ड्रिबल करताकरता, चेंडू आपटत पळताना, मारायचा शॉट कमी झाला आणि मोकळा, पाय रोवून मारायचा शॉट वाढला. संघाची टक्केवारी वाढते ती बहुतेक वेळा अशी, मनगटाआधी पायांत आणि पासमध्ये.

जागेचं महत्त्व सांगायला एकच प्रसंग पुरे आहे. १९ जून २०२१, ब्रुकलिन नेट्स विरुद्ध मिलवॉकी बक्स, मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना. नेट्स दोन गुणांनी मागे, घड्याळात मोजके क्षण. केविन ड्युरांटने गर्रकन वळून, तोल जात असताना शॉट मारला. गेला. प्रेक्षक उभे राहिले, सगळ्यांना वाटलं तीन गुण, सामना खिशात. पण त्याच्या बुटाचं टोक तिनाच्या रेघेवर होतं. गुण दोनच. १०९-१०९. जादा वेळेत बक्स ११५-१११ ने जिंकले आणि पुढे जाऊन विजेतेही झाले. एवढ्या तोलामोलाच्या खेळाडूला त्या क्षणी पायाकडे बघायला सांगणं अन्यायाचं आहे, मी ते सांगणारही नाही. पण रेघेवर पाय ठेवून शंभरात चाळीस टाकणाऱ्याला मिळतात ऐंशी गुण. तोच वीतभर मागे सरून अडतीसच टाकतो असं धरा, तर त्याला मिळतात ११४. अख्ख्या खेळात इतकं स्वस्त दुसरं काही मला सापडलेलं नाही.

अर्थात, हे सगळ्यांनाच कळलं. २००३-०४ मध्ये संपूर्ण एनबीएची मघाची ती इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी ४७.१ होती, २०२३-२४ मध्ये ५४.७. सगळेच पुढे सरकले की कुणालाच आघाडी उरत नाही. विजय मिळतो तो इतरांपेक्षा एक टक्का जास्त असल्याचा, किंवा समोरच्याला एक टक्का कमी करू देण्याचा. हिशेबात दोन्ही सारखेच.

आता अवघड भाग. एक टक्का सुधारणा मैदानावर दिसते का? नाही दिसत, आणि का दिसत नाही हे नीट समजून घ्यायला हवं. समजा एखादा संघ सामन्याला चाळीस थ्री मारतो आणि त्यातल्या ३५ टक्के टाकतो. सरासरी चौदा. पण नुसत्या योगायोगाने हा आकडा तीनने वरखाली होत राहतो, त्यालाच आम्ही प्रमाण विचलन म्हणतो. एके रात्री अकरा, दुसऱ्या रात्री सतरा. खेळाडू तेच, मेहनत तीच, आणि गुणांत अठराचा फरक. एक टक्का सुधारणेने त्यात भर पडते ०.४ ची. तीनच्या हेलकाव्यात ०.४ कुठून ऐकू येणार? पण ८२ सामने घ्या. शॉट झाले ३२८०. एक टक्क्याने तेहतीस थ्री वाढतात आणि योगायोगाचा हेलकावा असतो सत्तावीसच्या आसपास. आता कुठे सुधारणा हेलकाव्याच्या वर डोकं काढते, तीसुद्धा जेमतेम. एका सामन्यावरून तिला नावं ठेवणं किंवा तिचे गोडवे गाणं, दोन्ही चूक.

२८ मे २०१८ ला ह्यूस्टन रॉकेट्सवर हीच वेळ आली. त्या हंगामात त्यांनी ६५ सामने जिंकले होते, आकड्यांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवणारा संघ होता तो. वॉरियर्सविरुद्ध सातवा सामना, घरचं मैदान, मध्यंतराला अकरा गुणांची आघाडी. आणि मग थ्री पडायच्याच बंद झाल्या. सलग सत्तावीस चुकल्या. ४४ पैकी ७ गेल्या आणि सामना १०१-९२ असा हातचा गेला. नऊ गुण, म्हणजे तीन थ्री.

२०२५ च्या मे महिन्यात गतविजेत्या बॉस्टन सेल्टिक्सने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध साठ थ्री मारल्या, पंधरा टाकल्या. पंचेचाळीस चुकवल्या, प्लेऑफमधला तो विक्रम. वीस गुणांची आघाडी गेली आणि जादा वेळेत तीन गुणांनी हरले. आदल्या वर्षी याच पद्धतीने ते ६४ सामने आणि विजेतेपद जिंकले होते. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, एवढ्या थ्री मारतातच कशाला. माझं मत विचाराल तर त्या रात्री काही शॉट खरंच घाईचे होते, बॉस्टनने रिंगकडे जायला हवं होतं. पण त्या एका रात्रीसाठी पद्धतच बदलून टाकणारा प्रशिक्षक पुढचे ऐंशी सामने घालवतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, उपांत्य सामना. एका मुलीचे कोपऱ्यातले सुरुवातीचे सगळे शॉट चुकले. शॉट चांगले होते, मोकळे होते. मी तिला बाहेर बसवलं. दुसऱ्या अर्धात परत पाठवलं तेव्हा चेंडू पुन्हा तिच्याकडे आला, त्याच कोपऱ्यात, समोर कुणी नाही. तिने रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, चेंडू जमिनीवर टाकला आणि ड्रिबल करत दोन मुलींच्या मध्ये घुसली. चेंडू हातचा गेला. सामना त्यानंतर कितीतरी वेळ चालला, पण मला त्यातलं ते माझ्याकडे बघणंच आठवतं. शॉट न मारायला तिला मी शिकवलं होतं.

तेव्हापासून मी वही बदलली. प्रत्येक शॉटसमोर आता चार रकाने आहेत. जागा कुठली, पाय रोवलेले होते का, समोर हात होता का, आणि शेवटी, बास्केट झाली का. सामन्यानंतर मुलींसमोर मी पहिले तीन रकाने वाचतो. चौथा महिन्यातून एकदाच, बेरीज करून. नव्या मुलींना याचं नवल वाटतं. त्यांच्या घरचे विचारतात, सर, आज किती टाकल्या हिने? मी सांगतो, आज हिने घेतलेले बहुतेक शॉट घेण्यासारखे होते. त्यांना ते उत्तर पुरत नाही, मला कळतं. महिनाअखेर या म्हणतो.

आणि मैदानावर तिनाच्या रेघेमागे एक वीतभर अंतरावर आम्ही खडूने दुसरी रेघ मारतो. पास घ्यायचा तो त्या रेघेच्या मागे उभं राहून. मुलींच्या बुटांनी ती तासाभरात पुसली जाते, मग मधल्या सुट्टीत जी पहिली पाणी पिऊन येते ती खडू घेते. आमच्याकडे त्यावरून भांडणंही होतात.

या हंगामाची वही मी सोबत आणली आहे, इथे टेबलावर ठेवतो. ज्यांच्या शाळेत, कॉलेजात संघ आहे त्यांनी रकाने उतरवून घ्यावेत. आणि प्रश्न असतील तर विचारा, अजून वेळ आहे.