उद्यमनगरात बांधलेलं घर

(दृश्य: रंकाळा, पहाट. काठाला उभी पांढरी गाडी. मागच्या खिडकीत पिवळा दिवा.)

पहाटेचे साडेपाच. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं या गाडीपाशी आली की पाय ओढत चालतात. एवढ्या सकाळी बस कुठली, असं वाटतं. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी होते.

हे चाकांवरचं घर आहे. गाडी 24 फूट लांब आणि 7 फूट रुंद. आत मामा आणि बाई. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून. दोघांनाही नावं आहेत, पण ही गाडी जिथं बांधली त्या उद्यमनगरात ती कुणी घेत नाही. म्हणून आम्हीही घेतली नाहीत.

(दृश्य: शेड. ग्राइंडरच्या ठिणग्या. सीटा काढलेली रिकामी पिवळी बस.)

आठ महिन्यांपूर्वी ही गाडी अशी होती. वापरून झालेली स्कूलबस. बाईंच्या शाळेला सगळ्या नोकरीत कधी बस मिळाली नाही, ती निवृत्तीनंतर अशी दारात आली.

शिवाजी उद्यमनगरातल्या या शेडमध्ये एरवी ट्रकच्या बॉड्या आणि ट्रॉल्या होतात. कोल्हापूरचा पाहुणा अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ एवढं बघून परततो. या गल्ल्यांत त्याला कुणी आणत नाही. शेतातल्या ऑइल इंजिनापासून मोठमोठ्या कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत काय काय इथल्या लेथवर घडलं आणि अजून घडतं. जुन्या काळातले यंत्रांचे कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांचं नाव इथं आजही कानाची पाळी धरून घेतात. शिकायला कॉलेज नव्हतं तेव्हा यंत्र उघडून शिकलेल्या माणसांचं हे गाव.

(दृश्य: मेस्त्रींचे हात. खडूने जमिनीवर काढलेला आराखडा.)

या शेडच्या मेस्त्रींनी कागद मागितला नाही. शेडच्या जमिनीवर खडूने गाडी काढली, खऱ्या मापाची. मग बाईंना त्या रेषांच्या आत उभं केलं आणि सांगितलं, "आता स्वयंपाक करून दाखवा." बाई हवेतल्या हवेत भाकरी थापत होत्या. त्यांचं कोपर जिथपर्यंत गेलं, तिथं मेस्त्रींनी खूण केली. ओट्याची रुंदी ठरली ती अशी.

कागदपत्रांचं काम मात्र खडूवर भागत नाही. परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. मोटर कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, हा वाहनाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याची मानकंही वेगळी. त्या खेपा मामांनी एकट्यानं घातल्या.

(दृश्य: चौकोनी पाइपचा सांगाडा. वेल्डिंग.)

आधी सांगाडा. चौकोनी पाइप, बाहेरून पत्रा, आतून प्लाय आणि दोन्हींच्या मध्ये फोमची शीट. फोम नसेल तर एप्रिलमध्ये आत बसणाऱ्याची भट्टी होते.

मग पाणी. इथं मामा आणि मेस्त्री यांच्यात दोन दिवस वाद झाला, आणि तो आम्ही सगळा चित्रित केला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलोचं ओझं. मेस्त्रींना ती मागं हवी होती, तिथं जागा रिकामी होती. मामांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे आणि शक्य तेवढी खाली. शिवाय टाकी अर्धी झाली की ब्रेक मारल्यावर पाणी पुढं धावतं, त्याच्या मागोमाग गाडीही. शेवटी टाकी मधे आली आणि तिच्यात आडव्या पट्ट्या बसल्या, पाण्याची लाट मोडायला. "चौतीस वर्षं एसटीखाली झोपून काम केलंय, वजन कुठं बसतं ते पाठीला कळतं," मामा म्हणाले.

(दृश्य: बाहेरून उघडणारा कप्पा. सिलेंडर.)

गॅसच्या कप्प्याचं दार बाहेरच्या बाजूला, आणि तळाला भोकं. गळालेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्याला खालूनच वाट हवी.

इंडक्शन का नाही, असं आम्ही विचारलं. मेस्त्रींच्या मुलानं हिशेब करून दाखवला. 2000 वॅटची शेगडी 12 व्होल्टवर चालवायची तर दीडशे अँपिअरच्या वर करंट लागतो. त्यासाठी अंगठ्याएवढी केबल, आणि भात होईस्तोवर बॅटरीचा जीव जायचा. मिक्सर मात्र आहे. खोबरं-तीळ वाटायला पाच मिनिटं पुरतात, तेवढं छतावरचं सोलर सहज भरून काढतं. फक्त गाडी उन्हात लावली तर बॅटरी भरते आणि सावलीत लावली तर माणसं गार राहतात. दोन्ही एकदम होत नाही. यावर घरात रोज भांडण असतं.

संडासही आहे. छान आहे. चित्रण केलेलं नाही.

(दृश्य: वजनकाटा. आकडा.)

हा दिवस महत्त्वाचा. एकूण वजन 7500 किलोच्या आत असेल तर गाडी हलक्या वाहनात मोडते आणि साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालते. मामांना जड वाहनाची सवय आहे, प्रश्न बाईंचा होता. त्यांनाही चालवायची होती. काट्यावर गाडी चढली तेव्हा शेडमधली सगळी पोरं काम सोडून आली होती. आकडा स्क्रीनवर दिसतोच आहे.

पैसे बाईंच्या ग्रॅच्युइटीतून गेले. घरावरचा मजला राहिला. मुलाला हे पटलेलं नाही, तो कॅमेऱ्यासमोर आला नाही.

(दृश्य: हायवे. कोगनोळीचा टोलनाका. काचेच्या वर खडूने लिहिलेलं: उंची 10 फूट 2 इंच.)

हंपीला जायचं ठरलं. कोल्हापूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. निपाणी, बेळगाव, हुबळी, मग डावीकडे गदग आणि कोप्पळ. कोकणात का नाही? घाट. गगनबावड्याच्या वळणांवर ही गाडी नेण्यापेक्षा मामा एसटीनं जातील.

तवंदी घाटात पहिला धडा मिळाला. एका कप्प्याची कडी लावायची राहिली होती आणि चटणीची बरणी खाली आली. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाची बेगमी. फोमपासून पडद्यापर्यंत सगळं लाल. खिडक्या उघडून दोघं रस्त्याकडेला शिंकत उभी आहेत, ते दृश्य आम्ही कापलेलं नाही.

(दृश्य: केळीच्या बागा. अरुंद रस्ता. पुढे चालणाऱ्या बाई, हातात बांबू.)

हंपीच्या अलीकडे केळीच्या बागांतून जाणारा हा रस्ता. वर लोंबणारी तार. बाई खाली उतरल्या, बांबू घेतला आणि पुढं चालू लागल्या. समोरून ट्रॅक्टर आला. बाईंनी तळवा वर केला. प्रार्थनेच्या रांगा लावणाऱ्या बाईंचा तळवा. ट्रॅक्टर थांबला, मागचे दोन टेम्पो थांबले, एक म्हैससुद्धा थांबली. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती.

(दृश्य: विठ्ठल मंदिर. दगडी रथ. रिकामा गाभारा.)

विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही. ती अलीकडेच ठेवावी लागते, पुढं बॅटरीवरच्या छोट्या गाड्या नेतात. रथापाशी गर्दी आहे, सभामंडपातल्या खांबांपाशीही. गाभाऱ्यात कुणी नाही, मूर्तीही नाही. वारकरी परंपरा सांगते की विठ्ठल इथं आणला गेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास त्याला पंढरपूरला परत घेऊन गेले. बाई इथं बराच वेळ उभ्या होत्या.

(इथे निवेदन नाही. 40 सेकंद.)

(दृश्य: तुंगभद्रेच्या बाजूचं मोकळं मैदान, संध्याकाळ. ओट्यावर भाकरी.)

ओटा खडूच्या खुणेवर बरोबर बसलाय. कोपर भिंतीला लागत नाही.

(दृश्य: पुन्हा शेड. गाडी धुळीनं माखलेली.)

अकरा दिवसांनी गाडी परत आली ती घरी न जाता थेट इथं. मागचं दार वाजतंय. बाईंनी वहीत लिहून आणलं आहे: दार, तिसऱ्या खिडकीची रबरपट्टी, चटणीच्या कप्प्याला दुसरी कडी. मेस्त्रींनी वही वाचली, बिजागरी काढून टेबलावर ठेवली आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.

"पुढच्या खेपेला कुठं?"

"आधी दार," मामा म्हणाले.