राडारोडा जातो कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

मुठेच्या काठाने फिरायला जात असाल, तर एकदा उताराकडे नीट बघा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फुटका कमोड. गेल्या महिन्यात मला तिथे निळ्या फुलांची फरशी दिसली, अगदी आमच्या जुन्या न्हाणीघरात होती तशी. आमचीच होती असं म्हणत नाही, तसली फरशी अर्ध्या पुण्याने लावली होती. पण न्हाणीघर फोडलं तेव्हा मी कंत्राटदाराला विचारलं होतं, "हे सगळं नेणार कुठे?" तो म्हणाला, "काका, ते माझ्यावर सोडा." आणि मी सोडलं.

कचऱ्यावर सरकार काय करतं, म्हटलं की आपल्याला चौकात पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला माणूस आठवतो. 2018 च्या नोव्हेंबरात पुणे महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड केला, वर त्यांच्याकडूनच ते पुसूनही घेतलं. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं होतं. पण पिचकारी मारणारा दिवसाढवळ्या सापडतो. डंपर येतो रात्री दोनला, हौदा उचलतो आणि पाच मिनिटांत पसार.

शिवाय राडारोडा हा नुसता फेकलेला कचरा नसतो, त्याला गिऱ्हाईक असतं. नदीकाठच्या खोलगट जागेत शंभर गाड्या ओतल्या, वरून जेसीबी फिरवला, की झाला भराव. दोन पावसाळ्यांनी त्यावर पत्र्याची शेड उभी राहते. टाकणाऱ्याचं लांबचं भाडं वाचतं, टाकून घेणाऱ्याला जमीन मिळते. या हिशेबापुढे दंडाची रक्कम म्हणजे किरकोळ खर्च!

नदीला दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत भराव टाकायला मनाई आहे. पाण्याला मात्र या रेषा माहीत नसतात, जागा कमी झाली की ते बाजूला पसरतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. पाऊस जबर होता, खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं होतं, सगळं खापर भरावावर फोडता येणार नाही. पण पात्र अरुंद होत चाललंय, ही तिथल्या लोकांची तक्रार काही त्या दिवशीची नव्हती.

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये बांधकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, ते मार्च 2026 पर्यंतचे. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्याने त्याची विल्हेवाट कशी लावणार हे आधी लिहून द्यायचं, मंजुरी घ्यायची आणि खर्चही भरायचा, असं त्यांत होतं. म्हणजे मोठा बिल्डर कागदावर तरी सापडतो. आमचं न्हाणीघर? एक टेम्पो. तो नेमलेल्या संकलन केंद्रावर पोचवायची जबाबदारी आमची आणि ते केंद्र उभारायची पालिकेची, हेही त्याच नियमांत होतं. पण घरातली फरशी बदलायला कुणी परवानगी काढत नाही, त्यामुळे हा टेम्पो कुठल्याच नोंदीत येत नाही. आणि दुरुस्त्या तर गल्लोगल्ली चालू असतात.

पुण्याचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. तिथे तो दळून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक होतात. सरकारी कामांत 10 ते 20 टक्के असा माल वापरावा, असंही 2016 च्या नियमांनी सुचवलं होतं. पण कोथरूडचा टेम्पोवाला शहर ओलांडून वाघोलीला कशाला जाईल? वाटेत नदी आहे, आणि ती फुकट आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहारा नदीवर ठेवा, जरूर ठेवा, पण चौकशी जिथून टेम्पो भरतो तिथे करा. जिन्यात!

आमच्या सोसायटीने यंदा तसा ठराव केला. घराचं काम काढणाऱ्याने पाच हजार रुपये अनामत ठेवायची, राडारोडा केंद्रावर दिल्याची पावती आणली की परत न्यायची. सभेत एकानं विचारलं, "सोसायटी आहे की पोलीस चौकी?" तरी ठराव झाला. आतापर्यंत तीन घरांची कामं झाली. दोघांनी पावत्या आणून दिल्या. तिसऱ्यांची अनामत अजून आमच्याकडेच आहे, आणि ते मागायलाही आलेले नाहीत.

नमस्कार.